गुजरीचे पाणी

वाचकहो, गेल्या वर्षी जून महिन्याच्या अखेरीस आठ दिवस आम्ही ग्वाल्हेरला होतो. आमच्या धर्मग्रामातील एका मुलीचे सासर तेथे किला गेट या वस्तीत आहे. धर्मगुरू झाल्यावर अगदी सुरुवातीला जे विवाह आम्ही लावले त्यांपैकी तिचा एक. "फादर, एकदा तरी या," असे ती दर नाताळाला पत्रात लिही, पुढे फोनवर म्हणू लागली. आणि दर वर्षी काही ना काही आड येई. शेवटी गेलो. तिचे सासरे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे घराणे चार पिढ्यांपासून लष्कर भागात राहत असे. किला गेटला ते पुढे आले. घरात बोलली जाते ती मराठीच, पण तिच्यात हिंदीचे पाणी इतके मिसळले आहे की पहिले दोन दिवस आम्हांला कान टवकारून ऐकावे लागले. मास्तरांचा नातू पंधरा वर्षांचा. त्याची व आमची गट्टी पहिल्याच संध्याकाळी जमली.

किला गेट म्हणजे किल्ल्याच्या ईशान्य पायथ्याची वस्ती. किल्ल्यावर पायी चढावयाचे तर येथूनच चढतात. पायथ्याचा आलमगिरी दरवाजा औरंगजेबाच्या काळी, १६६० साली, तेथील अंमलदाराने बांधला. त्यातून आत शिरले की गुजरी महाल लागतो. आता तेथे पुरातत्त्व संग्रहालय आहे, आणि १९२२ साली ते ज्यांनी मांडले ते ग्वाल्हेर संस्थानचे पुरातत्त्वाधिकारी मोरेश्वर बळवंत गर्दे हे आपल्यापैकीच, ही गोष्ट मास्तरांनी आम्हांला पहिल्या दिवशी तीनदा तरी सांगितली. (वर चढताना वाटेतील चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा तो शिलालेख आहे, ज्यात आकड्यातले शून्य कोरलेले दिसते. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.)

गुजरी महालाची दंतकथा ग्वाल्हेरात लहान मूलही सांगते. राजा मानसिंह तोमर, ज्याने १४८६ ते १५१६ पर्यंत येथे राज्य केले, तो शिकारीला गेला असता राई गावच्या एका गुजर मुलीने झुंजणाऱ्या दोन म्हशी हातांनी वेगळ्या केल्या. राजाने तिला मागणी घातली. तिने अटी सांगितल्या: मी इतर राण्यांसारखी पडद्यात राहणार नाही, मला वेगळा महाल हवा, आणि पाणी पिईन ते माझ्या गावच्या नदीचेच. राजाने किल्ल्याच्या पायथ्याशी महाल बांधला आणि राईहून नळ बांधून सांक नदीचे पाणी तेथवर आणले, असे म्हणतात. कथेतील खरे किती व रचलेले किती हे आम्ही सांगू शकत नाही. पण एक गोष्ट मात्र खरी, की आज किला गेटच्या नळाला जे पाणी येते ते त्याच सांक नदीचे. तिघरा येथे नदीला बांध घालून तो तलाव शहराला जोडलेला आहे. गुजरीने जे मागून घेतले ते आज सगळ्या ग्वाल्हेरला मिळते. फरक इतकाच की उन्हाळ्यात तलाव खाली गेला म्हणजे शहराला दिवसाआड पाणी देण्याची पाळी पुष्कळदा येते, आणि राणीला ती आली असेल असे वाटत नाही.

नातवाने विचारले, "आजोबा, तिघराच्या मागे काय आहे? पाणी तिथे कुठून येतं?" मास्तर म्हणाले, "जंगलातून." त्यावर मुलगा म्हणाला, "तुम्ही पाहिलंय?" मास्तरांनी पाहिले नव्हते. सत्तरी गाठलेल्या, भूगोल शिकवण्यात हयात घालवलेल्या त्या माणसाने आपण जे पाणी पितो त्याचा वरचा काठ पाहिलेला नव्हता. आम्हांला हसू आले. पण लगेच आठवले की आमच्या घरच्या विहिरीचा झरा कोणत्या दिशेने येतो हे आम्हांलाही माहीत नाही. शनिवारी जावयाचे ठरले.

सूनबाईंचे मन मात्र धजेना. पहिले दोन पाऊस होऊन गेले होते. मुलगा एकुलता एक. तिने स्पष्ट नकार दिला नाही, पण भाकरीचे पीठ मळता मळता म्हणाली, "फादर, तुम्ही बरोबर आहात म्हणून." तिने वाक्य तेवढ्यावरच सोडले. आम्ही म्हणालो, "आम्ही आहोत ना." पुढे जे घडले ते सांगताना हे तीन शब्द आम्हांला विसरता येत नाहीत.

वनखात्याची परवानगी मास्तरांनी काढली होती व घाटीगावकडील एक सहरिया वाटाड्या ठरवला होता. सहरिया ही ग्वाल्हेर, शिवपुरी, श्योपूर या मुलखातील आदिवासी जमात; डिंक, तेंदूची पाने, चारोळी, औषधी मुळ्या गोळा करणे हा त्यांचा पूर्वापार उद्योग. हा वाटाड्या पन्नाशीचा, अंगाने वाळलेला, फार थोडे बोलणारा. त्याला सर्वजण दादा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणालो.

पहाटेच तिघराला पोहोचलो. ग्वाल्हेरपासून हे ठिकाण पश्चिमेला वीस-बावीस किलोमीटर असेल. बांध सुमारे २४ मीटर उंच व १,३४० मीटर लांब. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आपल्या खडकवासल्याला १९०३ साली पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे जे दरवाजे बसवले, तसेच दरवाजे येथेही वापरले गेले. मात्र या बांधाचा इतिहास साधा नाही. तो १९१६ च्या सुमारास पुरा झाला आणि १९१७ च्या ऑगस्टात फुटला. अतिवृष्टीने पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागले. खाली पायाच्या वालुकाश्मात पाणी शिरले होते. आणि दगडी भिंतीचे दोन प्रचंड खंड जसेच्या तसे जागेवरून सरकले. भिंत कोसळली नाही, घसरली. खाली खोऱ्यात पुष्कळ माणसे गेली. बांध पुन्हा उभा राहिला तो १९२९ साली. मास्तरांचे आजोबा त्या वेळी तरुण होते. ते या गोष्टीबद्दल घरात काही बोलत नसत. फक्त श्रावणात पावसाची झड लागली की रात्री उठून दारात उभे राहत, एवढेच मास्तरांना आठवते. बांधावरून चालताना ते हे सांगत होते आणि नातू पाण्यात मगर दिसते का ते पाहत होता. तलावात मगरी आहेत. त्या दिवशी एकही दिसली नाही, याचे त्याला फार वाईट वाटले.

तलावाला वळसा घालून आम्ही वरच्या खोऱ्यात शिरलो. शहराभोवती मैलोगणती वेड्या बाभळीचे रान आहे. ही परदेशची बाभूळ, लावली माणसाने आणि पसरली स्वतः. तिच्याखाली गवतही धड उगवत नाही. तलावामागे चढ लागला तशी ती विरळ होत गेली आणि एका वळणावर अजिबात संपली. तेथून पुढे जे लागले ते येथले मूळचे जंगल. दादाने हाताने दाखवले व म्हणाला, "करधई."

करधई हे झाड आपल्याकडील वाचकांना ठाऊक नसेल, पण त्याचा भाऊ ठाऊक आहे. आपण हिवाळ्यात ज्या डिंकाचे लाडू करतो तो उत्तम डिंक धावड्याचा. करधई त्याच कुळातली. पाने बोटाच्या पेराएवढी, फांद्यांची टोके खाली झुकलेली, लाकूड असे टणक की कुऱ्हाडीला दांडा घालावा तर याचाच. जेथे माती नावालाच आहे, नुसता तापलेला खडक आहे, तेथे ही उभी राहते. गुरांनी शेंडे खाल्ले तर उभी वाढण्याचा हट्ट सोडून जमिनीलगत चटईसारखी पसरते, आणि गुरे हटली की पुन्हा वर येते. ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, वर्षाचा पाऊस सुमारे आठशे मिलिमीटर, तोही तीन महिन्यांत आटोपतो. वसईच्या माणसाने त्याला पाऊस म्हणू नये. उन्हाळाभर करधईचे रान वाळून कोळ झाल्यासारखे दिसते. मग जूनमध्ये, पाऊस पडण्याच्याही आधी, नुसती हवा दमट झाली तरी तिला पालवी फुटते. दादा म्हणाला, "ही ढगाचा वास घेते." आम्ही गेलो तेव्हा सारे खोरे कोवळ्या हिरव्या रंगाने भरून गेले होते, आणि खालची माती अजून पुरती भिजलीही नव्हती.

पायवाट नदीच्या काठाने जाते. कधी या काठाने, कधी त्या. जून अखेरीस नदी म्हणजे खडकावरून घसरणारी एक धार व मध्ये मध्ये डोह. सह्याद्रीत चाललेल्या माणसाला येथले सर्वच नवे. आपला कातळ काळा, ठिसूळ पायऱ्यांचा, आणि त्यावर हातभर तरी माती. येथे वालुकाश्माच्या फरशाच फरशा, फिकट तांबूस, कोणीतरी अंगण घातल्यासारख्या. किल्ल्याचा डोंगरही याच जातीच्या दगडाचा. चालावयाला सुख. पण ह्या फरशा पाणी शोषून घेत नाहीत. पडले की वाहिले. ही गोष्ट आमच्या ध्यानात आली, आणि तिचा अर्थ मात्र ध्यानात आला नाही.

खैर, तेंदू, पळस ही मंडळी वाटेत भेटत होती. एका झुडपातून नवरंग शीळ घालीत होता. हा पक्षी पावसाच्या तोंडाशी येतो व दिसत नाही, नुसता ऐकू येतो. दादा पुढे, मागे मुलगा, मग आम्ही, शेवटी मास्तर. असे चालण्याला काही शिस्त असते असे आम्ही सेमिनरीत असताना शिकलो होतो. गोरेगावच्या आमच्या सेमिनरीपासून बोरिवलीचे जंगल दूर नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही तेथे जात असू, आणि आमचे एक वृद्ध प्राध्यापक प्रत्येक झाडापाशी थांबून फादर सांतापाव यांचे नाव काढीत. हे येशूसंघीय धर्मगुरू मूळचे स्पेनचे, मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. खंडाळ्याच्या घाटात वर्षानुवर्षे पायी हिंडून तेथील वनस्पतींचा त्यांनी केलेला ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे संचालक झाले. झाडाचे नाव माहीत नसताना त्याच्या सावलीत बसणे म्हणजे यजमानाचे नाव न विचारता त्याच्या घरी जेवणे, असे आमचे प्राध्यापक म्हणत. आम्हांला त्या दिवशी जी चूक घडली तिचे मूळ एका अर्थी याच शिकवणीत आहे. दोष तिचा नव्हे, आमच्या उतावळेपणाचा.

साडेदहाच्या सुमारास एका मोठ्या डोहापाशी शिदोरी सोडली. भाकरी, वाटलेली मिरची, गूळ, चणे. मास्तर झाडाखाली आडवे झाले. मुलाने बूट काढून डोहाखालच्या फरशीवर ठेवले व पाय पाण्यात सोडून बसला. पलीकडच्या काठावर, थोडे वर, एक उंच झाड दिसत होते. फिकट साल, कागदासारखी सुटणारी. आम्ही विचारले. दादा म्हणाला, "सालई." आम्ही उठलोच. कारण सालई हे ऊदाच्या झाडाचे भावंड. ज्ञानी लोकांनी बेथलेहेमला जी तीन दाने आणली त्यांतील ऊद अरबस्तानाच्या बाजूच्या ज्या झाडापासून निघतो, त्याच प्रजातीतले हे आपल्या देशातले झाड. याच्या सालीला चीर दिली की डिंक पाझरतो. तो निखाऱ्यावर टाकला म्हणजे मिस्साच्या धूपदानातल्यासारखाच सुगंध येतो. हजार वेळा ज्याचा धूर आम्ही वेदीपुढे घेतला त्याच्या नात्यातले झाड उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

दादाने मान वळवून पाहिले. आमच्या डोक्यावर आकाश निरभ्र होते; वरच्या अंगाला, डोंगरामागे, एक काळसर पट्टी होती. तो म्हणाला, "आता वर चढू या." आम्ही म्हणालो, "दहा मिनिटं, दादा. ते झाड पाहून येतो." धार जेमतेम घोट्यापर्यंत होती. आम्ही ओलांडून गेलो. झाडाच्या खोडावर जुन्या चिरा होत्या, एकीत सोन्याच्या रंगाचा थेंब गोठलेला होता. तो नखाने काढून आम्ही हुंगत होतो. खालून दादाची हाक पुन्हा आली. आम्ही हात हलवून 'येतो' अशी खूण केली, आणि गेलो नाही. दुसऱ्या चिरेत आणखी एक थेंब होता.

तिसरी हाक आली नाही. त्याऐवजी दादा पळताना दिसला. आवाज आम्हांला नंतर ऐकू आला; आधी वाटले की घाटातून मालगाडी जात आहे. दादाने मुलाचे मनगट धरून त्याला फरशीवरून ओढले. मुलगा वाकला, बुटांकडे हात टाकला, एक हाती लागला. मग वळणावरून पाणी आले. ते भिंतीसारखे वगैरे आले नाही, जसे लोक सांगतात. ते तपकिरी रंगाच्या जाड सायीसारखे आले, वर काटक्या आणि पालापाचोळा घेऊन, आणि त्याच्यामागून खरे पाणी आले. प्रभूची प्रार्थना सावकाश एकदा म्हणावी इतक्या वेळात घोट्याचे पाणी माणसाच्या छातीपर्यंत चढले. ज्या फरशीवर मुलगा बसला होता ती दिसेनाशी झाली.

ती तिघे त्या काठावर, आम्ही या काठावर.

वाचकहो, आम्ही तेथे अडीच तास उभे होतो. पावसाचा मागमूस आमच्या माथ्यावर अजूनही नव्हता. तो पुढे अर्ध्या तासाने आला. सुरुवातीला आम्ही पलीकडे जाण्याजोगी जागा शोधू लागलो, तेव्हा दादाने दोन्ही हात असे जोरात आडवे हलवले की आम्ही जागीच थांबलो. मग सालईच्या बुंध्याशी बसलो. मास्तर नातवाला पोटाशी धरून उंच खडकावर बसले होते. आवाजामुळे एक शब्दही इकडे येत नव्हता. पाण्यातून काय काय गेले ते आम्ही पाहत होतो: मुळासकट एक पळस, कोणाची तरी प्लास्टिकची घागर, एक वासराएवढा ओंडका, जो आमच्यासमोर दोनदा उभा राहून पुन्हा आडवा झाला. भीती वाटली काय? आरंभी वाटली. नंतर जे वाटले ते भीतीहून वाईट होते. वाटाड्याने दोनदा सांगितले होते. मुलाला त्याने आमच्याकरिता थांबवून धरले होते; आम्ही परत येईपर्यंत त्याला वर नेता येत नव्हते. आमच्या दहा मिनिटांचा हिशेब त्या मुलाच्या नावावर लागणार होता. आणि बरोबर असण्याचे वचन तर आम्ही दिले होते. प्रार्थना केली असे लिहिणे शोभले असते. खरे सांगावयाचे तर पहिला तासभर आम्ही फक्त मुलाच्या डोक्याकडे पाहत होतो, ते तेथे आहे ना हे.

पावसात करधईचे रान काळेभोर दिसू लागले. एवढ्या पाण्यातही त्या झाडांखालून येणारे ओहळ मात्र जवळजवळ स्वच्छ होते. उघड्या खडकावरून येणारेच तांबूस होते. हे आम्ही पाहिले, आणि त्या वेळी त्याचे काही वाटले नाही. आता लिहिताना आठवते.

दुपारी पाणी जसे चढले तसेच, पण पुष्कळ हळू, उतरले. मांडीइतके झाल्यावर दादा एक लांब काठी घेऊन आला, प्रवाहाकडे तोंड करून, पाऊल न उचलता सरकवीत. आम्हांला त्याने काठीचे दुसरे टोक धरावयाला लावले व पलीकडे नेले. तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "झाड उद्याही इथंच असतं, फादर."

उतरताना त्याने मुलाला नदीच्या खुणा शिकवल्या, आणि आम्ही मागून मुकाट्याने ऐकत होतो. निवळ पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यावर वाळकी पाने तरंगत आली, वाऱ्याला ओल्या मातीचा वास आला, किंवा डोहातले बेडूक गप्प झाले, की विचार न करता वर चढावयाचे. पुढे किंवा मागे नव्हे, वर. सामान सोडावयाचे. आपल्या डोक्यावर पाऊस नाही याला काही किंमत नाही, नदीच्या डोक्यावर आहे की नाही ते पाहावयाचे. पलीकडच्या काठावर राहिलात तर तेथेच राहावयाचे. ज्या ज्या घरातील मुले पावसाळ्यात धबधब्यांवर जातात त्या घरांत हे कोणीतरी वाचून दाखवावे. याच मुलखात, ग्वाल्हेर व शिवपुरी यांच्यामधील सुलतानगढच्या धबधब्यावर, १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुट्टीसाठी आलेले लोक अशाच फरशांवर बसले असताना पाणी आले. काही डोळ्यांदेखत वाहून गेले, चाळीसहून अधिक माणसे मध्यप्रवाहातील खडकावर रात्रीपर्यंत अडकली. आपल्याकडे लोणावळ्याला, भुशी धरणाच्या मागच्या अंगाला, ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण गेले, त्यांत लहान मुले होती. ती माणसे बेफिकीर होती असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. आम्हीही म्हणत असू.

तथापि, मुलांना जंगलात धाडूच नये असा याचा अर्थ कोणी काढील तर आम्हांला तो मान्य नाही. त्या मुलाला आता करधई, सालई आणि खैर ओळखता येतात. त्याच खोऱ्यालगत १९८१ साली सोनचिरैया पक्ष्यासाठी, म्हणजे आपल्या माळढोकासाठी, घाटीगावचे अभयारण्य राखले गेले. आज त्या पक्ष्याचे नाव तेथल्या पाट्यांवर आहे आणि पक्षी नाही. हे त्याने दादाकडून ऐकले, आणि परतीच्या वाटेवर कितीतरी वेळ तो काही बोलला नाही. शहरातून वाहणारी स्वर्णरेखा नदी, जिच्या काठी १८५८ साली राणी लक्ष्मीबाई पडल्या, ती त्याने जन्मभर सांडपाण्याचा नाला म्हणूनच पाहिलेली आहे. नदी म्हणजे काय हे त्याला त्या शनिवारी प्रथम कळले. किंमत एक बूट. ती याहून पुष्कळ अधिक पडली असती, आणि पडली नाही याचे श्रेय दादाचे आहे.

परत येताना गाडीत मुलगा आमच्या कानाशी लागला. "फादर, आईला नका सांगू. परत कधी सोडणार नाही." आम्ही उत्तर दिले नाही. कारण वाचकहो, गेला तासभर आम्हीही मनात तेच जुळवीत होतो: पाऊस लागला, थांबावे लागले, उशीर झाला. एकही शब्द खोटा नाही. मास्तर पुढच्या आसनावर डोळे मिटून बसले होते. ते न वळता म्हणाले, "पोरा, फादरांना अवघड प्रश्न घालू नकोस."

किला गेटला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. सूनबाई दारातच होत्या. आम्ही पायही न धुता ओट्यावर उभे राहून सर्व सांगितले. दादाच्या दोन हाका, आमचा हात, सालईचा थेंब, अडीच तास. मुलाला दोष येईल असे त्यात काही नव्हतेच. ती काही बोलली नाही. मुलाला जवळ घेऊन त्याच्या केसांतला पाचोळा काढू लागली, एकेक पान, जणू मोजून. आम्ही खिशातून तो डिंकाचा खडा काढला. कसा कोण जाणे, तो राहिला होता. तिने तो घेतला, पाहिला, आणि स्वयंपाकघरात नेऊन फळीवर ठेवला. रात्री जेवणाला आम्हांला आधी वाढले, पण आग्रह केला नाही. तिच्या घरी आग्रहावाचून जेवल्याचा तो एकच प्रसंग.

पाने उचलताना तिने पहिला शब्द काढला. "आणि दुसरा बूट?"

मास्तर हात धूत होते. नळ चालू होता. "गेला तिघरात," ते म्हणाले. "येईल आपल्याच नळाला."